पांढरी पाचच्या जरा वर

आप्पांनी आम्हाला खोली दिली ती हंड्यावर टिचकी मारून.

उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात मिस्टरांची कंपाउंडर म्हणून बदली झाली होती. कडेवर पोरगं, टेम्पोत सामान, आणि सकाळपासून चार घरं पालथी घातलेली. घरमालक खोली दाखवायचे, मोरी दाखवायचे, नळाला पाणी कधी येतं तेही सांगायचे, आणि मग विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं की ती खोली कालच कुणालातरी देऊन झालेली असायची. आम्ही जयभीमवाली माणसं, आम्हाला ह्याचं नवल नाही. पण भर उन्हात चौथ्यांदा नवल न वाटून घेणं हेही कष्टाचंच काम असतं.

पाचवं घर आप्पांचं. हैदराबादच्या रस्त्याला लागून. पुढं दुकान, मागं अंगण, अंगणापलीकडं दोन खोल्या. टेम्पोवाला वैतागून, आम्हाला न विचारताच सामान उतरवायला लागला होता. त्यात माझा तांब्याचा हंडा फाटकावर आपटला आणि ठण्णकन वाजला. दुकानातून एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. कपाळावर विभूती, दोरीनं बांधलेला चष्मा, हातात बारीक कानस. आमच्याकडं बघितलंच नाही. हंड्यापाशी वाकला, नखानं टिचकी मारली आणि डोळे मिटले.

"पांढरी तीन," म्हणाला. "आमच्या घरात पांढरी तीनचं भांडं न्हवतं."

मिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी मिस्टरांकडं. मला राहवेना. सामान परत चढवण्यापेक्षा आधीच सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, "आमचं आडनाव..."

"हंडा आत घ्या आधी," आप्पा म्हणाले. "ऊन लागतंय त्याला. तापला की सूर जागा सोडतोय."

त्या दोन खोल्यांत आम्ही एकवीस वर्षं राहिलो. पुढं शेजारची जागा घेऊन घर बांधलं तेही भिंतीला भिंत लावून. आडनाव आप्पांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. पण मिस्टर त्यांच्या लेखी 'काळी दोनवाले' होते, कारण मिस्टर त्या पट्टीत गायचे. मी नुसती 'अक्का'.

आप्पा पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम, आणि पांढरी तीन, काळी दोन ही तिच्या पट्ट्यांची नावं. परंड्यापासून लोहाऱ्यापर्यंतच्या भजनी मंडळांच्या, आमच्या गायन पार्ट्यांच्या, आणि पलीकडं कर्नाटकातल्या मठांच्याही पेट्या त्यांच्या दुकानात यायच्या. पेटीच्या पोटात पितळेच्या जिभा असतात. एकेक जीभ म्हणजे एकेक सूर. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, बुडाला घासली की उतरतो. केसभर घासायचं, वाजवून बघायचं, परत केसभर घासायचं. बाकीचे कारागीर हे काम करताना एखादी पिपाणी फुंकून तिच्याशी सूर ताडून बघतात. आप्पांना कशाचीच गरज नव्हती. कुठलाही आवाज कानावर पडला की तो कुठल्या पट्टीचा हे त्यांना दिसायचं, आपल्याला मिरची हिरवी दिसते तसं.

आणि दिसलं की ते बोलून दाखवायचे. हीच सगळी पंचाईत.

"अक्का, तुमचा कुकर रोज काळी पाचवर शिट्टी मारतोय, आज खाली आलाय. बघा, भात अडकला असंल." बघितलं तर शिट्टीत खरंच शितं. पोरगं रडत होतं तर अंगणातून ओरडले, "ही भूक न्हाय. भुकेचं रडणं पांढरी सहाला असतंय. हे वर गेलंय, कान दुखतोय त्याचा." दवाखान्यात नेलं, तर कानच. भांड्यांच्या दुकानदारानं त्यांना पायरीवर चढायची बंदी केली होती, कारण एक वाटी घ्यायची तर हे चाळीस वाट्या वाजवून बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "सगळ्या एकाच सुरात ओरडत्यात, ह्यातली कुठली घेऊ?"

गळा मात्र नव्हता. पत्र्यावर कानस ओढल्यासारखा आवाज. त्यांच्या बायकोला आम्ही अव्वा म्हणायचो, त्या सांगायच्या, "आमच्या लग्नात स्वामी मंत्र म्हणत हुते. समद्यांच्या हातात अक्षता. आन ह्ये नवरदेव म्हणत्यात, स्वामी, पट्टी सुटली, मगाच्या जागेवर या! माझ्या बापानं कपाळाला हात लावला."

"सुटलीच हुती," आप्पा आतून म्हणायचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती.

घरासमोर खांबावर लाईटची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे. अजून आहे. ती दिवसरात्र गुणगुणते. आपल्याला ते ऐकूसुद्धा येत नाही, पण आप्पांना सुरुवातीला त्याचा फार त्रास व्हायचा. "धड पांढरी पाच न्हाय, धड तिच्या वरची काळी चार न्हाय. पांढरी पाचच्या जरा वर. दातात सुपारी अडकल्यावानी." पुढं सवय झाली. मग तर तिचं कौतुकच सुरू झालं. "बाकी समदं चढतंय, उतरतंय. पेटी, माणूस, हंडा. ही एकच बया जागा सोडत न्हाय."

त्यांच्या कानाचा त्यांना गर्व होता का? होता. लपवून कशाला ठेवू? कुणी पिपाणी खिशातून काढली की हे म्हणायचे, "ठिवा ती. पांगळ्यानं काठी धरावी, माझे पाय धड हायत." आणि वर एक वाक्य ठरलेलं. मी ते शंभर वेळा ऐकलं असेल. "ज्या दिवशी हा कान खोटं बोलंल, त्या दिवशी ही कानस खाली ठिवीन. परत हात लावणार न्हाय."

तरणेपणी एकदाच त्यांचं नाक खाली झालं होतं. ती गोष्ट ते स्वतःच सांगायचे, म्हणून मला त्यांचा गर्व खपायचा. कुठल्याशा मिशनच्या बोर्डिंगात एक जुना पियानो होता. उमरग्याचा माणूस सूर ओळखतो असं ऐकून त्यांनी आप्पांना बोलावलं. पियानो म्हणजे तारांचं कपाट. दोनशेच्या वर तारा, एकेका सुराला दोन-दोन, तीन-तीन. आप्पांनी चार दिवस बसून एकेक तार ऐकून ऐकून जागेवर आणली. एकटी वाजवली तर प्रत्येक तार बरोबर. पण बोर्डिंगातल्या बाईंनी दोन्ही हातांनी वाजवायला घेतलं तर काय, सगळा पियानो थरथरायला लागला, तापाच्या माणसासारखा. मग हैदराबादहून एक म्हातारे उस्ताद आले. त्यांना आप्पांसारखा कान नव्हता, ते आपले खिशातला लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून एक सूर घ्यायचे. त्यांनी आप्पांना शेजारी बसवलं आणि दोन तारा एकदम वाजवल्या. म्हणाले, "बेटा, तू सूर का नाम सुनता है. नाम मत सुन. दोनों के बीच की लहर सुन. लहर थम गई, तो मिल गए."

खरंच आहे ते. दोन सूर जवळजवळ सारखे असले की मध्ये वाँव-वाँव अशी लाट उठते. जितके जवळ यावेत तितकी लाट संथ होते, आणि जुळले की पाणी थांबल्यासारखं होतं. हे मला आप्पांनीच ऐकवलं, पेटीवर. माझ्यासारख्या सातवी पास अंगणवाडीच्या बाईलाही ऐकू आलं.

"आन आजून एक म्हणाले उस्ताद," आप्पा सांगायचे. "एक सूर उसना घ्यायचा, बाकीचे त्याच्याशी बोलून जुळवायचे. म्या म्हणालो, उस्ताद, मला उसना कशाला? माझ्या घरात हाय की. ते नुसतेच हसले."

भूकंपानंतरची एक गोष्ट सांगते आणि मग पुढं जाते. सास्तूरकडून एक पेटी आली होती, ढिगाऱ्यातून काढलेली. वाजवणारा माणूस राहिला नव्हता. त्याच्या भावानं पोत्यात घालून आणली. आप्पांनी तिच्यातली माती कुंच्यानं नाही झाडली. परात मांडून, एकेक जीभ काढून, पाण्यानं धुतली. सात दिवस लागले. माती फेकली पण नाही, अव्वांच्या बेलाच्या झाडाला घातली. पेटी न्यायला भाऊ आला तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "हिच्यातला एकबी सूर मेलेला न्हाय." तो माणूस पायरीवर बसून रडला. आप्पा आत निघून गेले, कारण लोक रडायला लागले की त्यांना त्याचीही पट्टी ऐकू यायची, आणि त्या वेळी ती सांगायची नसते एवढं त्यांना कळत होतं.

पेटी लावून झाली की तिच्या मागच्या झाकणाच्या भोकांतून लाल दोरा ओवून आप्पा गाठ मारायचे. ती गाठ त्यांचीच. दोन वेढे उजवीकडून, एक डावीकडून, आणि शेवट आत दडवलेला. कुणी झाकण उघडलं तर दोरा तुटणारच. "माझा दोरा हाय तवर जबाबदारी माझी," म्हणायचे.

तशी गाठ मारलेली एक पेटी माझ्या घरात होती. मिस्टरांची. मिस्टर गायन पार्टीत वाजवायचे. एका चैत्रात त्यांनी पेटी आप्पांकडून नीट लावून आणली, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला. तो कार्यक्रम आमच्या नशिबी नव्हता. बारा तारखेलाच... जाऊ द्या. छातीत दुखलं, आणि दवाखान्यातल्या माणसाला दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. पेटी मी त्यांच्या चादरीत गुंडाळून लोखंडी पेटाऱ्यात ठेवली. बारा-तेरा वर्षं ती तिथंच होती. वाजवावीशी वाटली नाही आणि कुणाला द्यावीशीही वाटली नाही.

पण गाणं काही सुटलं नाही. आम्ही विहारातल्या बायकांनी मंडळ काढलं. मी पेटीवर, आप्पांच्या दुकानात बसून बघून बघून शिकलेली. कलावती आमची मुख्य गाणारी, भाजीची गाडी लावणारी, आवाज असा की बसस्टँडवरून हाक मारली तर शिवाजी चौकात भाव कळावा. मंडळाची पेटी दरवर्षी बुद्धपौर्णिमेआधी आप्पांकडं जायची. आणि गंमत बघा, दरवर्षी ती परत आली की बायका म्हणायच्या, "औंदा गाताना घसा वढत न्हाय गं. आप्पांच्या हाताला काय गुण हाय!"

आप्पा मात्र कुरकुरत होते. "अक्का, हल्ली पेट्या समद्या चढूनच येत्यात. ज्येची बघावी त्येची चढलेली. बुडाला घासून घासून माझी बोटं गेली. ऊन वाढलंय, दुसरं काय. पितळ पिसाळलंय."

मी मान हलवायची. ऊन वाढलंच होतं.

मग ती बुद्धपौर्णिमा आली. पोरांनी हौसेनं लातूरहून एक कीबोर्डवाला बोलावला. शांत माणूस, चष्मा, शर्टाच्या खिशात रुमाल घडी करून ठेवलेला. आजवर आमच्याबरोबर ढोलकी असायची, आणि ढोलकी काय, पेटीवरच चढवायची, पेटीवरच उतरवायची. दुसरं सुराचं वाद्य पहिल्यांदाच आलं. कलावतीनं तोंड उघडलं, मी पेटी धरली, त्यानं कीबोर्ड धरला, आणि जे काही झालं ते ऐकून पुढच्या रांगेतलं लेकरू रडायला लागलं. त्यानं कसलंसं बटण दाबून कीबोर्ड एक पट्टी खाली घेतला. तर आता तो पेटीच्याही खाली गेला.

"ताई," तो हळूच म्हणाला, पण माईक चालू होता. "तुमची पेटी उतरलेली आहे. दोन पट्ट्यांच्या मधेच अडकलीय."

"पंधरा दिसांमागं आप्पांनी लावलीया!" कलावती कडाडली. "आप्पांनी!"

आप्पा नेहमीप्रमाणं मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. सगळ्या माना तिकडं वळल्या. आप्पांनी त्याला एक सूर वाजवायला लावला. ऐकला. म्हणाले, "कीबोर्ड चढलेला हाय."

"आप्पा, हे मशीन असतंय. ह्याचा सूर हलत नाही."

"मशीनला कान असतोय का?"

लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "न्या वो लातूरला ते खेळणं!" त्या माणसानं वायर काढली, कोपराला गुंडाळली, कीबोर्ड पिशवीत घातला. जेवायलाही थांबला नाही. आम्ही ढोलकीवर कार्यक्रम केला, टाळ्या पडल्या. मीही हसले होते. ते मला अजून बोचतं.

बोचत होतं म्हणूनच घरी आल्यावर सुनेला विचारलं. माझी सून शाळेत शिकवते, तिच्या मोबाईलमध्ये सुराचा काटा आहे. वाजवलेला सूर कुठं आहे हे तो काटा दाखवतो. मंडळाची पेटी माझ्याकडंच होती. पांढरी एक दाबली. काटा पांढरी एकवर आलाच नाही. खालच्या पट्टीच्या आणि तिच्या मध्ये लटकला. सगळ्या पट्ट्या तशाच. एकमेकींशी अगदी बरोबर, पण सगळ्या मिळून पाऊण पट्टी खाली.

"मोबाईल बिघडला असेल," मी म्हणाले.

सून म्हणाली, "आई, बाबांची पेटी आहे ना आत?"

पेटारा उघडला. चादर सोडली. भाता हलवला तर आधी नुसती धूळ खोकली. मग पांढरी एक वाजली. काटा मधोमध. पांढरी दोन, मधोमध. पाच-सहा पट्ट्यांनंतर मी सुनेला म्हणाले, बास. पेटी उलटी केली. लाल दोरा तसाच, गाठ तशीच, शेवट आत दडवलेला.

म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वी आप्पांचा कान काट्यावर होता. आणि त्यानंतर दर साली थोडा थोडा सरकत गेला. त्यांना सगळंच खरं आहे त्यापेक्षा वर ऐकू यायला लागलं, म्हणून ते सगळं खाली आणत गेले. सुनेनं सांगितलं की असा कान असलेल्या माणसांना म्हातारपणी असं होतं म्हणे. चाळिशीला चष्मा लागतो तसं. फक्त ह्याला चष्मा नाही.

आता हे सांगायचं कसं? ती कानस, ते ठरलेलं वाक्य. ऐंशीला टेकलेला माणूस. कानस खाली ठेवली तर सकाळी उठून काय धरणार हातात? मी गप्प बसले. म्हटलं, कुणाचं काय बिघडलंय? सगळ्या तालुक्याच्या पेट्या एकाच हातानं उतरल्यात, एकमेकींना कुणी नावं ठेवणार नाही, बायकांचा घसा ओढत नाही. असं स्वतःला समजावत मी पावसाळा घालवला.

पण डीपीनं मला गप्प बसू दिलं नाही.

दिवाळीच्या सुमारास आप्पांनी वीज ऑफिसला अर्ज केला. माझ्याकडूनच लिहून घेतला, माझं अक्षर बरं म्हणून. "आमच्या घरासमोरील डीपीचा सूर पूर्वी पांढरी पाचच्या जरा वर होता. तो आता काळी चारवर गेला आहे. तरी तो पूर्ववत जागेवर आणावा ही विनंती." मी लिहिलं. जसं सांगितलं तसं.

वायरमन आला, बिचारा वर चढून सगळं तपासून खाली आला. "आप्पा, तेल बरोबर, भार बरोबर. सूर मोजायचं मीटर आमाला सरकारनं दिलेलं न्हाय."

"मग हा कान कशाला हाय? मी सांगतोय की!"

"आप्पा, डीपी हाय ती. तिचं गुणगुणणं मागनं येतंय, पार वीज बनत्या तिथनं. तिथं समद्या देशाचा एकच सूर हाय. तो सरकला तर देशात अंधार हुईल."

वायरमन हसत गेला. आप्पा हसले नाहीत. कट्ट्यावर बसून राहिले, डीपीकडं बघत. अव्वांनी चहा आणून ठेवला, तो निवला. मी अंगणात तूर पाखडत होते. डीपीवरची नजर न काढता आप्पा म्हणाले, "अक्का, कुकर चढलाय. गिरणी चढलीया. ट्रकचे हॉर्न चढल्यात. अव्वाचा हंडा चढलाय, तो तर उन्हातबी न्हाय. आता हीबी चढली." मग माझ्याकडं वळले. "समदं गाव चढलंय का मी उतरलोय? इचारायचं कुणाला? ज्येला इचारावं त्यो माझ्यावरच लावलेला."

मी सूप खाली ठेवलं. आत गेले आणि मिस्टरांची पेटी घेऊन आले. त्यांच्यापुढं कट्ट्यावर ठेवली. कडी काढली.

आप्पांनी पांढरी एक दाबली. लगेच म्हणाले, "काळी एकला टेकलीया. ही पण. कुणाकडं दिली हुती लावायला?"

"कुणाकडं न्हाय."

"कुणीतरी चढवलीया, अक्का."

"आप्पा, मागं बघा."

त्यांनी पेटी फिरवली. चष्मा कपाळावर ढकलला आणि गाठीवरून बोट फिरवलं. दोन वेढे उजवीकडून, एक डावीकडून. आत दडवलेला शेवट नखानं चाचपला. मग एकेक पट्टी दाबत गेले, खालपासून वरपर्यंत, भाता सावकाश हलवत. वरच्या शेवटच्या पट्टीवर आले, भाता दाबून मिटला, आणि कडी लावली.

"काळी दोनवाल्यांची," म्हणाले.

"व्हय."

"कवापासनं ठाव हाय तुमाला?"

"बुद्धपौर्णिमेपासनं."

"आन अर्ज लिवून दिलात."

आप्पा उठले, दुकानात गेले. दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

दहा दिवस दुकान बंद. परंड्याहून दोन पेट्या आल्या त्या अव्वांनी परत पाठवल्या. आप्पा कुणाशी बोलेनात. घरात भांडं पडलं तरी मान वर करत नव्हते. अव्वा भिंतीवरून म्हणायच्या, "अगं, काल मुद्दाम ताट आपटलं मी. कंच्या पट्टीचं म्हणून इचारलं. म्हणाले, ताट हाय." आणि डोळ्याला पदर लावायच्या. चाळीस-पन्नास वर्षं ज्या खोडीला बाईनं कपाळाला हात लावला, ती खोडी गेली म्हणून ती रडत होती. मला माझ्याच जिवाचा राग आला. गप्प बसले तेही वाईट, बोलले तेही वाईट.

अकराव्या दिवशी मी मंडळाची पेटी आणि मिस्टरांची पेटी, दोन्ही त्यांच्या कट्ट्यावर नेऊन शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींची पांढरी एक एकदम दाबली. एक भाता माझ्या हातात, दुसरा सुनेच्या. वाँव-वाँव-वाँव-वाँव. घाईची, खरबरीत लाट.

आत कॉट वाजली. आप्पा दारात आले. दाढी वाढलेली.

"बंद करा ते," म्हणाले.

"आप्पा, ही लाट ऐकू येते का?"

"बहिरा न्हाय झालो मी."

"मग उस्ताद काय म्हणाले हुते? नाव नको ऐकू, लहर ऐक. तुमच्या कानाचं नाव चुकतंय आप्पा. लहर कुठं चुकतीया?"

मी पट्टी सोडली नाही. हात दुखायला लागला, सुनेचाही. त्या वाँव-वाँवनं शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. शेवटी आप्पा आत वळले. मला वाटलं, गेले. आले ते कानस घेऊन. मंडळाच्या पेटीचा दोरा स्वतःच तोडला, झाकण काढलं, मांडी घालून बसले.

"मी बोललो हुतो, कान खोटं बोलला तर हात लावणार न्हाय," म्हणाले, आमच्याकडं न बघता.

अव्वा दारातून म्हणाल्या, "लग्नात स्वामीला थांबीवलं त्यो माणूस सवताला थांबवू शकत न्हाय व्हय? लावा हात!"

आप्पांनी पांढरी एकची जीभ टोकाला केसभर घासली. ऐकलं. परत घासली. लाट संथ होत होत गेली, विहिरीत बादली बुडाल्यावर पाणी निवत जावं तशी. आणि थांबली. दोन पेट्यांचा एकच आवाज झाला.

"धरून ठिवा, अक्का," आप्पा म्हणाले. "हलू नका. उसना सूर हाय, सांडंल."

चार दिवस मी तिथं भाता हलवत बसले. तालुक्यातल्या पेट्या मग एकेक करून परत आल्या, वर्षभर. दरवेळी आप्पा दारात यायचे. अव्वा वाटी घेऊन साखरेला यायच्या, तसेच. "अक्का, सूर हाय का घरात?" लोकांना सांगायला लाजले नाहीत. उलट कुणी म्हणालं, आप्पा, तुमाला कशाला लागते दुसरी पेटी, की म्हणायचे, "ती दुसरी न्हाय. माझा तरणा कान हाय त्येच्यात. काळी दोनवाल्यांनी जपून ठिवलाय."

बायकांनी मात्र गोंधळ घातला. पेटी वर गेल्यावर कलावती दुकानात येऊन भांडली, "आप्पा, आमचा घसा परत वढाय लागला!" आप्पा म्हणाले, "मग एक पट्टी खालनं गा की. कुणी धरलंय?" इतकी साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला आप्पांनी पोरांना सांगून तोच लातूरचा माणूस बोलावला. तो यायला तयार नव्हता. आप्पा स्वतः फोनवर बोलले. काय बोलले ठाऊक नाही, पण तो आला. कार्यक्रमाआधी आप्पा मांडवात शिरले. जन्मात कधी माईक न धरलेला माणूस. माईक त्यांच्या आवाजानं शिट्टी मारायला लागला. म्हणाले, "मागल्या साली मी म्हणालो, कीबोर्ड चढलेला हाय. त्यो न्हवता. माझा कान चढलेला हुता. ह्या पाव्हण्याला तुमी हसलात ते माझ्यामुळं." आणि त्या माणसाकडं वळून हात जोडले. त्यानं धावत येऊन ते हात धरले, चष्मा सांभाळत. मग कलावतीनं तोंड उघडलं, आणि कुठलंही लेकरू रडलं नाही.

त्या रात्रीच्या जेवणानंतर मंडळाच्या पेटीला दोरा बांधायचा राहिलाय हे माझ्या लक्षात आलं. मी दोरा पुढं केला. आप्पांनी घेतला नाही. "सूर तुमच्या घरचा," म्हणाले. "गाठबी तुमीच मारा." मला शिकवली. मला अजून ती त्यांच्यासारखी येत नाही. शेवट नीट दडत नाही.

आप्पा परवाच्या उन्हाळ्यात गेले. शेवटचे काही महिने अंथरुणावर होते, पण एक सवय राहिली होती. रोज सकाळी भिंतीपलीकडून पत्र्यावर कानस ओढल्यासारखा आवाज यायचा, "अक्का, डीपी कुठं हाय?" त्यांचा कान सांगायचा काळी चार, पण ते कानाला विचारायचेच नाहीत, मला विचारायचे. मी मिस्टरांची पेटी उघडायची, पांढरी पाच धरायची आणि डीपीकडं कान द्यायची. मला त्यांच्यासारखं काही दिसत नाही. पण दोन्ही एकदम ऐकलं की मधली लाट मला कळते. ती रोजच्याच चालीची असली की डीपी जागेवर.

अजूनही सकाळी पेटी उघडते. भिंतीपलीकडं अव्वा एकट्याच असतात, त्यांनाही सवय झालीय, चहा हातात धरून थांबून राहतात. मी पांढरी पाच धरते, डीपी ऐकते, आणि मोठ्यानं सांगते, "जागेवर हाय, आप्पा."

मग पलीकडं चहाचा कप बशीत टेकल्याचा आवाज येतो.